आठवडाभर न पुसलेलं वाक्य

मुळे सरांच्या इंग्रजी क्लासमध्ये फळा एकच होता आणि त्याच्या उजव्या अंगाला पांढऱ्या रंगाची एक चौकट कायमची आखलेली होती. त्या चौकटीतलं वाक्य सोमवारी लिहिलं जायचं आणि पुढच्या सोमवारपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, असा सरांचा नियम होता. दुपारी आम्हा मुलींची बॅच, संध्याकाळी मुलांची, त्यानंतर नोकरी करणाऱ्यांची. सगळ्यांनी तेच वाक्य उतरवून घ्यायचं आणि घरी जाऊन मोठ्यानं म्हणायचं. सरांचा दुसरा नियम असा की वाक्यातला माणूस खरा पाहिजे. पुस्तकातला राम आणि पुस्तकातला गोविंद कुणी पाहिलाय, असं ते विचारत. म्हणून क्लासमधल्याच कुणाचं तरी नाव घ्यायचं आणि त्याच्याबद्दल स्वतः पाहिलेलं काही त्यात घालायचं. या पद्धतीचं लोकांना मोठं कौतुक होतं. मुळे सर फळ्यावर खोटं लिहीत नाहीत, असं औरंगपुऱ्यात सगळे म्हणत. त्यातल्या एका वाक्यानं माझं काय केलं ते मला लिहायचं आहे. या वयात ते गोड करून लिहावं अशी माझी इच्छा नाही, आणि ज्यांना वाईट वाटायचं ते आता राहिलेलेही नाहीत.

आमच्या दोन खोल्या भांड्यांच्या दुकानाच्या वर होत्या. खाली दिवसभर स्टीलच्या भांड्यांवर नावं घालायचं मशीन चालायचं. त्याचा किरकिरा आवाज जिन्यातून वर यायचा आणि बाई म्हणजे माझी आई भाकरी थापताना त्या आवाजाशी भांडल्यासारखी थापायची. आमचं मूळ गाव लासूर स्टेशनजवळ. शेती चुलत्यांकडे राहिली आणि आबा, माझे वडील, शहरात कोर्टात शिपाई म्हणून लागले. त्यांच्याकडे पुकारा करायचं काम होतं. कोर्टाच्या दारात उभं राहायचं आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं नाव घ्यायचं. अमुक वल्द तमुक, हाजिर हो. त्यांचा आवाज खणखणीत होता आणि त्यांना त्याचा अभिमान होता. घरी जेवायलाही ते आम्हाला तसेच पुकारत, खालचे दुकानदार हसत. पण त्या कामानं त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवली होती. भल्या माणसाचं नाव चारचौघांत पुकारलं जात नाही. ज्याचं पुकारलं गेलं तो कशात ना कशात अडकलेलाच असतो, मग निकाल काहीही लागो.

इंग्रजी आलं पाहिजे हाही त्यांचाच हट्ट. वकील आणि जज्ज आपसात इंग्रजीत बोलायचे आणि मधे ज्याचं घरदार पणाला लागलेलं आहे तो माणूस दोघांच्या तोंडाकडे टकामका बघत राहायचा, हे त्यांनी रोज पाहिलं होतं. आपल्या पोरांवर ती पाळी नको. म्हणून मी आणि माझा धाकटा भाऊ विलास, दोघंही मुळे सरांकडे. सोमवारी रात्रीच्या जेवणाला आमच्याकडे एक रीतच पडून गेली होती. येसराची आमटी ताटात आली की आबा म्हणायचे, "बोला, काय लिवलंय आज फळ्यावर?" मग आम्ही वाक्य म्हणायचं, आबांनी ते आपल्या पुकाऱ्याच्या आवाजात परत म्हणायचं, आणि मग विलासनं अर्थ सांगायचा. अर्थ विलासनंच का सांगायचा हे मला कधी कळलं नाही. माझं इंग्रजी त्याच्यापेक्षा चांगलं होतं आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

माझं इंग्रजी चांगलं होतं त्याला कारण होतं. माझं आजोळ अजिंठ्याचं. मामांचं लेण्यांच्या पायथ्याशी रंगीत दगडांचं आणि फोटोंच्या कार्डांचं दुकान होतं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथंच पडलेली असायची. तिथं मी एकदा एक बाई पाहिली. साधी सुती साडी, हातात विजेरी, मागं पंधरावीस गोरे लोक. बाहेर एक माणूस चकचकीत पत्रा धरून ऊन आत फेकत होता आणि त्या उजेडात ही बाई भिंतीवरच्या एकेका चेहऱ्याची हकीकत सांगत होती. तिनं हात वर केला की सगळ्या माना वर जायच्या. मधेच एका म्हाताऱ्यानं काही विचारलं, तर तिनं त्याला चेष्टेनं असं काही उत्तर दिलं की सगळी लेणी हसली. मी त्या दिवसापासून ठरवलं होतं की आपण हेच करायचं. बारावीनंतर पर्यटनाच्या ऑफिसात गाइडच्या प्रशिक्षणाच्या जागा निघणार असल्याचं मामांनी कळवलं, तेव्हा मी आबांच्या किती मागं लागले ते काय सांगू. आबा आधी नाही म्हणाले, मग बघू म्हणाले आणि शेवटी हो म्हणाले. मुलाखतीला मीच घेऊन जातो, असंही म्हणाले. कोर्टात एकदोन वकिलांना त्यांनी सांगूनही टाकलं की आमची इंदू साहेब लोकांना लेणी दाखवणार आहे. तो महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला महिना होता, हे मी आज अगदी विचार करून लिहिते आहे.

त्या रविवारी मी पाणचक्कीजवळून येत होते. एक परदेशी जोडपं, दोघंही म्हातारी, रस्त्याच्या कडेला नकाशा उलटासुलटा करत उभं होतं. रिक्षावाल्यानं भलत्याच वळणावर उतरवलं होतं. मी थांबले, विचारलं आणि दारापर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेले. जाताना मला येत होतं तेवढं सगळं सांगितलं, पाणी लांबच्या डोंगरातून मातीच्या नळानं कसं येतं, चक्की कशी फिरते. ती म्हातारी हसत होती, पण माझ्या इंग्रजीला नव्हे, माझ्या घाईला. मुळे सर सायकलवरून जाताना हे बघत होते, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी म्हणजे सोमवारी सरांनी आम्हाला 'टेंड टू' शिकवलं. शिकवायला सर फार चांगले होते, ते मी नाकारणार नाही. ते म्हणाले, "एखादी गोष्ट माणूस ठरवून करत नाही, कुणी करायला लावत नाही, तरी त्याच्या हातून ती वरचेवर होते, तेव्हा हे वापरायचं. दर वेळी होईलच असं नाही. पण त्या बाजूला कल असतो. जमिनीला उतार असतो ना, तसा माणसालाही असतो." मग त्यांनी वर्गभर नजर फिरवली. मंगल टेंड्स टू स्लीप आफ्टर लंच. मंगल दचकून सरळ बसली. नसीम टेंड्स टू कम लेट. नसीम शहागंजाकडून चालत यायची, ती माझ्या कानाशी पुटपुटली, "अम्मी काम बतातीं तो मैं क्या करूं? वो भी लिखो बोलो ना उनकू." आणि मग चौकटीत, सुंदर वळणदार अक्षरात, सरांनी लिहिलं, इंदू टेंड्स टू टॉक टू स्ट्रेंजर्स. लिहिताना ते हसत होते. मुली माझ्याकडे वळून बघायला लागल्या. मला वाटलं ही शाबासकी आहे. आजही मला वाटतं की फळ्यावर येईपर्यंत ती शाबासकीच होती. चौकटीत नाव यावं म्हणून मुली वर्षभर वाट बघायच्या.

रात्री आबांनी विचारायच्या आधीच मी वाक्य म्हटलं. उभी राहून म्हटलं. आबांना माझं नाव पहिल्यांदाच इंग्रजी वाक्यात ऐकू आलं, ते खूश झाले आणि त्यांनी ते पुकाऱ्याच्या आवाजात असं म्हटलं की खालचं मशीन क्षणभर थांबल्यासारखं वाटलं. मग ते विलासला म्हणाले, "सांग रं, काय म्हनलंय आमच्या इंदूला?"

विलास शेंगदाण्याची चटणी कालवत होता. त्यानं मान वरही केली नाही. "परक्या मानसांशी बोलन्याकडं इंदूचा कल हाय, असं हाय ते."

त्याचा अर्थ बरोबर होता. मी आजवर शंभरदा तो उलटासुलटा करून पाहिला आहे, त्यात त्यानं एकही शब्द पदरचा घातला नव्हता. आबांच्या हातातला घास ताटात परत गेला.

"कोन परका?" ते म्हणाले.

मी पाणचक्कीचं सगळं सांगितलं. म्हातारा-म्हातारी होती हे दोनदा सांगितलं. आबा ऐकत होते, पण त्यांचा चेहरा कोर्टात साक्ष ऐकणाऱ्या माणसासारखा झाला होता. "एकदा बोललीस म्हनती तू," ते म्हणाले, "आन् सर तर म्हनत्यात कल हाय. एकदा बोलल्याला कुनी कल म्हनत नाय."

बाई चुलीजवळून म्हणाली, "बोलकी हाय पोरगी. त्यात काय झालं?"

"तू गप," आबा म्हणाले. "फळ्यावर नाव आलंय तिचं. सरांनी कायतरी बघूनच लिवलं आसंल ना."

आजच्या मुलांना हे खरं वाटणार नाही. माझी नात तिच्या मोबाइलवर कुठल्याही वाक्प्रयोगाचे चटकन पाच नमुने काढते आणि त्या नमुन्यांतल्या जॉनला नि मेरीला कसले कसले कल असतात ते कुणी मनावर घेत नाही. पण आमच्या घरात इंग्रजी ही कोर्टाची भाषा होती. इंग्रजीत लिहिलेलं म्हणजे कुणीतरी दोन्ही बाजू ऐकून, विचार करून दिलेलं. ते नमुन्यादाखल, शिकवण्यापुरतंही असू शकतं, हे आबांच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि मुळे सरांचा तर लौकिकच असा होता की ते नमुन्यादाखल काही लिहीतच नाहीत.

तरी ती रात्र एवढ्यावर निभावली असती. आबा मुळात आडदांड नव्हते, दोन दिवस फुगून राहिले असते आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडून पाठ दाबून घेतली असती. पण वाक्य आठवडाभर पुसायचं नव्हतं. मंगळवारी संध्याकाळी मुलांची बॅच सुटली आणि आमच्या गॅलरीखालून सायकलींचा घोळका गेला. त्यातला एकजण सुरात ओरडला, "हॅलो इंदू, आय ॲम अ स्ट्रेंजर." बुधवारी दोघं होते. गुरुवारी तर ज्यांचा क्लासशी काही संबंध नव्हता अशी चौकातली पोरंही म्हणायला लागली, त्यांना त्याचा अर्थसुद्धा माहीत नसावा. त्या पोरांना सबंध वर्षात एकही इंग्रजी वाक्य धड पाठ झालं नव्हतं, ते हे एकच झालं. विलास त्यांच्या मागून मान खाली घालून घरी यायचा आणि माझ्याशी बोलायचा नाही, जसं काही मीच त्याला छळलं होतं. मी मैत्रिणीकडे वही द्यायला निघाले तरी बाई म्हणायची, डोक्यावरून पदर घे. मी तोवर पदर घेत नव्हते, मी ओढणी घेत होते.

शुक्रवारी ते कोर्टात पोचलं. नोकरी करणाऱ्यांच्या बॅचला एका वकिलाचा नवीन ज्युनिअर यायचा. तो व्हरांड्यात आबांना सहज म्हणाला, "आबा, तुमच्या मुलीचं नाव गाजतंय की. सरांनी चौकटीत घेतलंय." भोवती पाचपन्नास पक्षकार होते. कुणी विचारलं, काय म्हणून, तर त्यानं वाक्य म्हणून दाखवलं आणि वर मराठीत सांगितलंही. आबांनी त्या दिवशी पुढचे पुकारे केले की नाही मला ठाऊक नाही. घरी आले तेव्हा त्यांचा आवाज बसलेला होता. मला जेवायला त्यांनी हाक मारली नाही, आणि पुढंही कधी त्या आवाजात मारली नाही.

शनिवारी ते मला घेऊन सरांकडे गेले. मला वाटलं होतं की ते भांडतील. क्लासमध्ये तीनचार पालक बसलेले होते, सर त्यांना आपली पद्धत समजावून सांगत होते आणि फळ्यावर माझं वाक्य तसंच होतं, कडेचा खडू थोडा फिसकटलेला. आबांनी टोपी काढून हातात घेतली. कोर्टात जज्जासमोरही ते टोपी काढत नसत, वर्दीची होती ती. मग त्यांनी हात जोडले.

"सर, एक इनंती हाय. त्ये वाक्य तुम्ही नुसतं शिकवन्यापुरतं लिवलं असं म्हना. एवढंच म्हना."

"जाधव, अहो त्यात वाईट काय आहे?" सर म्हणाले.

"वाईट नसंल. तुम्ही फकस्त म्हना की पोरीत तसं काय न्हाई, उगा उदाहरन म्हनून घेतलं. मी सोमवारी कोर्टात चार जनांना सांगतो की सर असं म्हनले. झालं मग. मिटलं."

सरांनी बसलेल्या पालकांकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरलेले नाही. तिथं एका बाजूला माझं सगळं पुढचं आयुष्य उभं होतं आणि दुसऱ्या बाजूला सरांचा लौकिक, की त्यांच्या चौकटीत खोटं वाक्य येत नाही. त्यांना फक्त एक लहानशी थाप मारायची होती, आणि ती थापही नव्हती, कारण एका रविवारी दोन म्हाताऱ्यांना वाट दाखवली म्हणून कुणाचा कल ठरत नाही, हे त्यांनीच आम्हाला सोमवारी शिकवलं होतं. वरचेवर होतं तेव्हा वापरायचं, असं ते म्हणाले होते.

"हे बघा," सर म्हणाले, "मी पाहिल्याशिवाय लिहीत नाही. माझं एकही वाक्य उगाच नसतं, सगळ्या गावाला माहीत आहे. मुलगी बोलकी आहे, कुणाशीही बोलते, बांगडीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, मी बघतो ना. पण तुम्ही घाबरता कशाला? हा दोष नाही, नुसता कल आहे. आणि कल वेळीच वळवता येतो."

पालकांनी माना डोलावल्या. सरांना आपलं शेवटचं वाक्य आवडलं असावं, कारण त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं.

मी म्हणाले, "सर, गाइड व्हायचं तर परक्या माणसांशीच बोलावं लागतं." त्या खोलीत मी बोललेलं ते शेवटचं वाक्य. सरांनी कौतुकानं आबांकडे बघितलं, जसं काही मी त्यांचाच मुद्दा सिद्ध केला होता. आबांनी टोपी डोक्यावर घातली आणि माझ्या दंडाला धरून मला जिना उतरवला. रस्त्यात ते एवढंच म्हणाले, "इचारून घेतलं ते बरं झालं."

मुलाखतीच्या दिवशी मी घरीच होते. मामा अजिंठ्याहून आले होते, त्यांना बाईनं धपाटे करून घातले आणि आबांनी सांगितलं की पोरीची तब्येत बरी नाही. मी आतल्या खोलीत बसून ते ऐकत होते. मामा गेल्यावर बाई माझ्याजवळ आली, डोक्याला तेल लावायला बसली आणि खाली मशीन चालू असताना हळूच म्हणाली, "मी पन लई बोलायची. लेन्याच्या रस्त्याला सीताफळं इकायची ना, तवा गोऱ्या बायांशी सुदीक बोलायची खानाखुनांनी. हसून हसून पोट दुखायचं. लगीन झालं आन् आटलं. तुजं बी आटंल."

"आबांना सांगितलंस का कधी?" मी विचारलं.

"कामून सांगू?" ती म्हणाली.

आईनं लेकीला दिलेला धीर तो एवढाच. मी तिच्यावर खूप वर्षं रागावले होते आणि खरं सांगायचं तर अजूनही आहे. सरांवरचा राग सरांबरोबर जुना झाला, आबांची तर शेवटी शेवटी कीव यायची. पण बाईला सगळं कळत होतं. त्या दिवशी सरांसमोर किंवा त्या सोमवारच्या ताटावर तिनं जर म्हटलं असतं की मीही अशीच होते आणि माझ्याशी तुम्ही संसार केलाच ना, तर आबांजवळ उत्तर नव्हतं. तिनं ते म्हटलं नाही. मला तेल लावताना म्हटलं.

मग लासूर स्टेशनचं स्थळ आलं. मोंढ्यात धान्याची आडत, घर दुकानाच्या मागच्या अंगाला, मधे एक दार. लग्नाच्या बैठकीत आबा पाहुण्यांना दोनदा म्हणाले की पोरगी शांत हाय. सासरी त्या मधल्या दारातून पुढं यायचं नाही, असा दंडक होता. शेतकरी, हमाल, व्यापारी यांचे आवाज दिवसभर त्या दारातून येत, भावाची घासाघीस, लिलावाची ओरड, आणि मी अलीकडे चहाचे कप भरून एका फळीवर ठेवी. कप परत कुणी ठेवले ते बघायचं नाही. माझ्या नवऱ्यानं माझ्यावर कधी हात उचलला नाही. हे मला बायका भाग्य म्हणून सांगत आल्या आणि मीही ऐकत आले. सुरुवातीला मी त्या फळीजवळ उभी राहून मनातल्या मनात आलेल्या माणसाला इंग्रजीतून लेणी दाखवत असे. हा बघा राजा, ही बघा दासी, उजेड इकडे. पुढं शब्द विसरत गेले आणि मग उभं राहायचंही सोडलं.

आता मी मुलाकडे शहरात राहते. शहराला आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात, औरंगपुऱ्यात मोठाली दुकानं झाली आहेत आणि इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या क्लासच्या पाट्या खांबाखांबावर लटकतात. सगळ्यांवर हसणाऱ्या मुलींची चित्रं आहेत. मुळे सर फार पूर्वी वारले. त्यांच्या शोकसभेला विलास गेला होता. तो सांगत आला की एकानं भाषणात चौकटीतल्या वाक्याची आठवण काढली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुठलं वाक्य, ते मी विचारलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर मुलानं सगळ्यांना अजिंठ्याला नेलं. घाटावरचं अजिंठा गाव गाडीतून मागं गेलं, मामांचं घर कुठं होतं ते मी नातीला बोटानं दाखवायच्या आत गाडी वळली. लेण्यांत आमच्या वाट्याला गाइड म्हणून एक तरुण मुलगी आली, तिकडच्याच कुठल्या तरी गावची असावी, बोलण्यावरून वाटत होतं. आमच्या गटात दोनचार परदेशी होते. ती घटकेत मराठी, घटकेत इंग्रजी, मधेच हिंदी बोलत होती. तिनं विजेरी वर धरली आणि सगळ्या माना वर गेल्या. ती एक गोष्ट सांगायची विसरली, ती त्या साडीवाल्या बाईनं सांगितली होती आणि मला अजून येत होती.

बाहेर आल्यावर ती मुद्दाम माझ्याजवळ आली. हसून म्हणाली, "आजी, तुम्ही इकडच्याच का? मघापासून लई मन लावून बघताय. काही विचारायचंय का?"

माझ्याकडे किती होतं. आजोळ, दगडांचं दुकान, तो पत्रा धरणारा माणूस, माझी आई याच रस्त्यावर सीताफळं विकायची हे. सगळं तोंडापर्यंत आलं होतं. आणि मी मान वळवून माझ्या मुलाकडे बघितलं, त्यानं उत्तर द्यावं म्हणून. हे मी ठरवून केलं नाही, तिथं मला कुणी करायला लावलं नाही. मान आपोआपच वळली.

मुलगा मोबाइलवर फोटो बघत होता. तो तिला सहज म्हणाला, "आईला परक्या माणसांशी फारसं बोलायची सवय नाही हो."

ती मुलगी समजुतीनं हसली आणि पुढच्या लेण्याकडे वळली. माझ्या मुलाचं काही चुकलं नाही. जन्मापासून त्यानं मला जशी पाहिली तसंच सांगितलं. मुळे सर असते तर त्यांनी हे वाक्य चौकटीत घेतलं असतं.